तोंडाचा कर्करोग आणि घरचें तबक

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रसायनी मागें पडली म्हणजे पाताळगंगेच्या कांठचें आपटा हें गांव लागतें. आपटा म्हटलें कीं घरांतील मुलांस दसऱ्याचें सोनें आठवतें. परंतु ज्या वृक्षाचें पान आपण त्या दिवशीं वडिलांच्या हातीं देऊन नमस्कार करितों, त्याच वृक्षाच्या पानांत तंबाखू गुंडाळून विड्याही वळल्या जातात. मंगल वस्तूचा असा दुहेरी उपयोग आपल्या घरींही होतो, हें या लेखाच्या ओघांत दिसून येईल.

याच पनवेल तालुक्यांत, खारघर येथें, टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ या संक्षिप्त नांवानें ओळखली जाणारी कर्करोग-संशोधन संस्था आहे. तोंडाच्या कर्करोगाचें मूळ शोधण्याचा जो यत्न तेथें झाला, त्याची हकीकत प्रत्येक कुटुंबानें जाणून घेण्यासारखी आहे. म्हणून ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

या शोधाचा आरंभ परळास झाला. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ सालीं उघडलें व तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं वाहिली. १९४५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक मार्मिक गोष्ट निदर्शनास आणिली. खालचा ओठ व हिरडी यांच्या बेचक्यांत तंबाखू-चुना धरून ठेवणाऱ्यांस तेथेंच व्रण होतो. आंध्रांत चुट्ट्याचें जळतें टोंक तोंडांत धरून ओढणाऱ्यांस टाळूस होतो. आणि धोतर कमरेस वर्षानुवर्षें घट्ट कसणाऱ्यांस क्वचित् कमरेच्या कातडीसच होतो. जेथें संवय, तेथें रोग! हें असें कां व्हावें, याचें उत्तर मात्र पेशीच्या अंतरंगांत दडलेलें होतें.

आपल्या तोंडाच्या आंतील त्वचा सतत झिजते व सतत नवी होते. जुनी पेशी गळून पडते, तिच्या जागीं नवी येते. आणि प्रत्येक नव्या पेशीस देहाच्या रचनेची संपूर्ण पोथी नकलून द्यावी लागते. ही पोथी म्हणजे डी.एन.ए. तिच्यांत अक्षरें चारच. परंतु मातेकडून आलेल्या प्रतींत तीं सुमारें ३०० कोटी वेळां मांडलेलीं असतात, व पित्याकडून आलेल्या प्रतींतही तितकेच वेळां. त्यांतून प्रथिनें घडविणारे जे सुमारें २० हजार उतारे आहेत, त्यांस जनुकें म्हणतात. एवढी मोठी नक्कल करतांना चुका व्हावयाच्याच. त्या शोधून दुरुस्त करण्याची योजनाही पेशींतच असते.

तंबाखूंतील नायट्रोसामीन वर्गाचीं द्रव्यें पेशींत शिरलीं म्हणजे रूपांतर पावून तीं पोथींतील अक्षरांस चिकटतात. डागाळलेलें अक्षर नकलणारास भलतेंच दिसतें, आणि ती चूक पुढील साऱ्या प्रतींत उतरते. गालाच्या ज्या कोपऱ्यांत तंबाखूचा बार रोज भरावा, त्याच कोपऱ्यांतील पोथ्या रोज डागाळतात. डॉ. खानोलकरांस जें बाहेरून दिसलें, त्याचें आंतील कारण हें होय.

पण कोणतीं पानें डागाळलीं असतां घात होतो? हें पाहण्यासाठीं हिरडी व गाल यांच्या कर्करोगाचें काम आंतरराष्ट्रीय संघटनेंत भारतानें आपल्या अंगावर घेतलें. बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकविज्ञान संस्था व खारघरची ॲक्ट्रेक यांनीं मिळून प्रथम ५० रुग्णांच्या गांठींतील पोथी त्यांच्याच रक्तांतील पोथीशीं ताडून पाहिली, नंतर आणखी ६० रुग्णांत पडताळा घेतला, व २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा जनुकें पुनःपुन्हां बिघडलेलीं आढळलीं. त्यांपैकीं पांच पूर्वीं ठाऊक होतीं, पांचांचा या रोगाशीं असलेला संबंध नव्यानें कळला.

त्यांतील ‘टीपी ५३’ हें जनुक पेशीचा पहारेकरी होय. पोथी बिघडली असल्यास तें नक्कल थांबवितें, आणि दुरुस्ती न होईल तर त्या पेशीस मरणाचा मार्ग दाखवितें. तो मार्ग उघडणाऱ्यांपैकीं ‘कॅस्प ८’ हें एक. ‘एचरास’ वाढीची आज्ञा पोंचवितें. बिघडल्यावर आज्ञा थांबतच नाहीं. पहारेकरी निजला, मरणाचें दार लागलें, वाढीची हांक अखंड चालू राहिली. मग गांठ न व्हावी तरच नवल!

यांतच आशेचें स्थान आहे. एका चुकीनें कर्करोग होत नाहीं. चुकांवर चुका सांचाव्या लागतात, आणि त्यास बहुधा अनेक वर्षें जातात. या अवधींत कित्येकदां तोंड स्वतःच सूचना देतें : पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा तांबडा डाग, न भरणारा व्रण.

तंबाखू न खाणाऱ्यांनींही निश्चिंत राहूं नये. जेवणानंतर सुपारीचें खांड तोंडांत टाकण्यास आपण व्यसन म्हणत नाहीं. सुगंधी सुपारी तर मुलांच्याही हातावर ठेवतों. परंतु सुपारींतील अरेकोलिन त्वचेखालील तंतू वाढवितें, व तिच्यांतील तांबें ते तंतू घट्ट विणणाऱ्या प्रथिनास चेतवितें. गाल ताठरतात, तिखटानें आग होते, तोंड उघडेनासें होतें. १९५३ सालीं डॉ. जोशी यांनीं या विकाराचें वर्णन केलें होतें. त्यांतून पुढें कर्करोग उद्भवूं शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेच्या २००४ सालच्या ग्रंथांत सुपारी ही स्वतंत्रपणेंच कर्कजनक ठरविली आहे. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली. घरच्या तबकावर कोणता कायदा येणार?

या चुका बहुधा त्या एका जागच्या पेशींतच राहतात; मुलांस वारशानें जात नाहींत. वारशानें जाते ती संवय. आजीची मिश्री नात पाहते, आजोबांचा अडकित्ता नातू हातीं घेतो. आणि वडिलांच्या तोंडांत डोकावणें हा अविनय, असें समजून सून व मुलगा गप्प बसतात. आमच्या मतें येथें मौन हाच अविनय होय. मात्र व्यसन नसलेल्यांसही हा रोग क्वचित् जडतो, म्हणून रुग्णास दोष देत बसूं नये.

महिन्यांतून एकदां दिवसाच्या उजेडांत, आरशासमोर, सर्वांनीं तोंड पाहावें; आपलीं तीन बोटें उभीं धरून तोंडांत जातात कीं नाहीं तें तपासावें. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण वैद्यास दाखवावा. तपासणीसाठीं तुकडा काढला कीं रोग पसरतो, ही समजूत टाकून द्यावी. तिच्यापायीं पुष्कळांचा बहुमोल काळ व्यर्थ जातो. आरंभीं सांपडलेला रोग बहुतेकांचा बरा होतो.

येत्या दसऱ्यास सोनें देतां-घेतांना तबकांत बडीशेप, ओवा, खोबऱ्याचा कीस ठेवावा. सुपारी गणपतीच्या पूजेस अवश्य मांडावी. पण देवापुढील सुपारी देवापुढेंच राहूं द्यावी.