थोडक्या द्रव्यांत व्हिडिओ कॅमेरा

घरांत व्हिडिओ कॅमेरा घ्यावयाचा ठरला कीं, तरुण मंडळी प्रथम ‘४के आहे का?’ असें विचारतात. आम्ही विचारतों, टिपावयाचें काय? वसई भागांतील सामवेदी ब्राह्मण व कुपारी ख्रिस्ती कुटुंबांत जी कादोडी बोली चालते, तींतील लग्नगीतें मुख्यत्वें वृद्ध स्त्रियांच्या मुखीं आहेत. तीं साठवावयाचीं, तर चित्र किंचित् फिकें चालेल. परंतु शब्द अस्पष्ट झाला, तर मागाहून तो सांगणार कोण?

सबब बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय नसलेला कॅमेरा, कितीही झगझगीत असो, घेऊं नये. ओटीवरच्या मंद उजेडासाठीं सेन्सर मोठा असावा. मग यंत्र चार वर्षें जुनें असलें तरी बिघडत नाहीं. मात्र वापरलेलें घेतांना भिंग उजेडासमोर धरून पाहावें. आंत कोळिष्टकासारखे तंतु दिसले, तर ती बुरशी होय. आमच्या या दमट किनाऱ्यावर पावसाळ्यांत ती सहज धरते. म्हणून घट्ट झांकणाचा डबा व सिलिका जेलच्या पुड्या यांचा खर्च किमतींतच धरावा. तिपाईचाही.

दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ सालीं विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडन गांठलें व विल्यमसन कॅमेरा विकत घेतला. त्यांना चित्रपटाचा धंदा उभारावयाचा होता. गृहस्थानें कर्जाच्या वाटेस जाऊं नये. पण पैसे जमेपर्यंत आजीबाई थांबतील, असेंही नाहीं. तोंवर पदरास लावावयाचा लहानसा मायक्रोफोन आणून घरांतल्या फोनवरच एक गाणें टिपावें, आणि शब्द नीट ऐकूं आले, तर कॅमेरा यंदा राहूं द्यावा.