अष्टमीच्या चंद्रावरची झीज

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवरून आकाशगंगा दिसत नाही, पण शहरातल्या उजेडाचा चंद्राला अडसर होत नाही. फाल्गुन-चैत्रात शुद्ध अष्टमीचा चंद्र तिन्हीसांजेला जवळजवळ माथ्यावर असतो. सहा इंची आरशाची दुर्बीण अर्धा तास आधी उघड्यावर ठेवून आरसा निवू द्यायचा. स्लॅबची धग ओसरली की चित्र थरथरायचे थांबते.

मग बिंबाच्या मध्याजवळ, उजेड-अंधाराच्या सीमेवर तीन शेजारी विवरे शोधायची. टॉलेमियस सर्वांत जुने, सुमारे १५० किलोमीटर रुंद. कडे ढासळलेले, मधे शिखर नाही, तळ सपाट. दक्षिणेला लागून अल्फॉन्सस. त्याचे शिखर टिकून आहे. २४ मार्च १९६५ रोजी रेंजर ९ यान छायाचित्रे पाठवत इथेच आदळले. त्यापलीकडे सर्वांत धाकटे अर्झाचेल: उंच कडे, पायऱ्यापायऱ्यांचे उतार, ठसठशीत शिखर.

चंद्रावर वारा-पाऊस नाही, तरी टॉलेमियस झिजले ते नंतरच्या आघातांनी. उत्तरेकडे इम्ब्रियमचे अवाढव्य खोरे घडताना उडालेल्या मलब्याने त्याचे कडे ओरखडून काढले. असे सपाट तळ ज्वालामुखीतून आले असावेत, असा समज होता. १९७२ मध्ये अपोलो १६ने तशाच मैदानातून आणलेले खडक मात्र प्रामुख्याने आघातांनी फुटून पुन्हा सांधलेले निघाले.

रेखाटताना आधी सावल्या आखायच्या आणि वेळ लिहायची, कारण चंद्राच्या विषुववृत्तावर उजेडाची सीमा ताशी सुमारे १५ किलोमीटर, म्हणजे सायकलच्या वेगाने सरकते. तिथे सूर्य उगवताना कड्यांच्या टोकदार सावल्या टॉलेमियसच्या तळावर लांबवर पडतात. अमोनियस हे छोटे विवर चटकन दिसते. त्याच्या उत्तरेला बशीसारखा उथळ खळगा आहे, भरावाखाली गाडल्या गेलेल्या विवराचा. तो फक्त तिरप्या उन्हातच दिसतो. सूर्य वर चढला की नाहीसा होतो.

आपल्याकडचे लोणार सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसाल्टमध्ये घडलेले. त्याची कड पाऊस आणि ओढे कापतात. तेवढे विवर चंद्रावर असते, तर माझ्या दुर्बिणीतून जेमतेम ठिपका दिसला असता. तिथला अब्जावधी वर्षांचा क्रम वाचायला एक नियम पुरतो: जे दुसऱ्यावर चढले, ते नंतरचे. पौर्णिमेला सावल्याच नसतात. म्हणून चंद्र पाहायचा तर अष्टमी-नवमीलाच गच्ची गाठा.