घरच्या इलेक्ट्रॉनिक्स टेबलाची पहिली खरेदी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पार्ट्स घ्यायला निघालात? पाव वॅटचे रेझिस्टर २२० ओहम, १ के, ४.७ के आणि १० के हे शंभर-शंभर घ्या, बाकीच्या व्हॅल्यू दहा-दहा पुरे. सगळ्यात उपयोगी पडतो तो १०४ छापलेला इवलासा सिरॅमिक कपॅसिटर. १०४ म्हणजे १० वर चार शून्यं, इतके पिकोफॅरड, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड. प्रत्येक आयसीच्या सप्लाय आणि ग्राउंड पिनांमध्ये, अगदी खेटून, एक लावाच. मायक्रोकंट्रोलर मध्येच रिसेट होत असेल तर आधी हेच तपासा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर २५ व्होल्टचे घ्या, ५ आणि १२ व्होल्ट दोन्हीकडे चालतात. बीसी ५४७ आणि बीसी ५५७ ट्रान्झिस्टर, १एन४००७ डायोड, ५५५ टायमर, ७८०५ रेग्युलेटर हवेतच. सोल्डर वायर मात्र ६०/४०, आत फ्लक्स असलेलीच घ्या. तिथे पैसे वाचवू नका.