डेव्हिल्स डेनचा तलाव आणि घरी जाणारे २५ डॉलर

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, ओझार्कच्या डोंगरांत 'डेव्हिल्स डेन' नावाचं राज्य उद्यान आहे. म्हणजे सैतानाची गुहा! नाव सांगितलं की वर्ग कान टवकारतो, त्याचा फायदा जरूर घ्यावा. तिथे ली क्रीक या ओढ्यावर दगडी बांध आहे आणि त्यामागे साधारण ८ एकरांचा तलाव. फोटोत तो अगदी नैसर्गिक वाटतो. पण तो बांधलाय अठरा-वीस वर्षांच्या बेकार पोरांनी.

१९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. पुढे बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. १९३३ पर्यंत साधारण दर चार कामगारांत एक जण बेकार होता. यालाच आपण महामंदी म्हणतो. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कॉर्प्स' सुरू केलं. मुलांना 'नागरी संवर्धन दल' सांगितलं तरी चालेल. गरीब घरांतले अविवाहित तरुण शिबिरात राहायचे. झाडं लावणं, रस्ते, बांध, उद्यानं अशी कामं करायची. जेवण, कपडे, राहणं सरकारचं.

पगार महिन्याला ३० डॉलर. त्यातले साधारण २५ थेट घरी पाठवले जात, पोराच्या हातात उरायचे ५. हे गणित वर्गात फळ्यावर मांडाच. त्या २५ डॉलरवर घरची चूल पेटायची. तलाव, उद्यान हे त्यातून झालेलं काम. संध्याकाळी शिबिरात वर्गही भरत, हजारो तरुण तिथेच लिहा-वाचायला शिकले. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट बांधापेक्षा मोठी वाटते.

डेव्हिल्स डेनचं काम १९३३ ला सुरू झालं. दगड-लाकूड तिथलंच, त्यामुळे बांध आणि केबिन आजूबाजूच्या डोंगरात मिसळून गेल्यात. युद्ध आलं आणि १९४२ मध्ये दल बंद पडलं. केबिन मात्र आजही पर्यटकांना भाड्याने मिळतात.

सगळं गोडगोड सांगू नये. कृष्णवर्णीय तरुणांची शिबिरं बहुतेक ठिकाणी वेगळी असायची. "मुली का नव्हत्या?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. या दलात मुलींना घेतच नव्हते; त्यांच्यासाठी निघालेली वेगळी शिबिरं फारच मोजकी होती. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळी कामांवर बायका मोठ्या संख्येने खडी फोडायला होत्या. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी तिला तेव्हाची मजुरी किती होती, ते विचारून यायचं. एवढाच गृहपाठ द्या.