ओढ्याची श्रेणी कशी ठरते?

पाणलोट विकासाच्या अहवालांत ‘पहिल्या श्रेणीचा नाला’, ‘तिसऱ्या श्रेणीचा ओढा’ असे उल्लेख हमखास असतात. ही श्रेणी पात्राची रुंदी मोजत नाही की पाण्याचा दर्जा. प्रवाहांच्या जाळ्यात तो तुकडा कुठे बसतो, एवढंच ती सांगते.

अमेरिकी अभियंते रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये ही कल्पना मांडली आणि आर्थर स्ट्राहलर यांनी १९५२ मध्ये तिला आजचं रूप दिलं. माथ्यावरचा, एकही उपप्रवाह न मिळालेला ओहोळ पहिल्या श्रेणीचा. तसे दोन मिळाले की पुढचा तुकडा दुसऱ्या श्रेणीचा. बढती मिळते ती मात्र बरोबरीचा प्रवाह भेटला तरच. दुसऱ्या श्रेणीच्या ओढ्याला वाटेत पहिल्या श्रेणीचे दहा ओहोळ मिळाले, तरी तो दुसऱ्याच श्रेणीत राहतो. रोनाल्ड श्रीव्ह यांनी १९६६ मध्ये सरळ बेरीज सुचवली. त्यांच्या हिशेबात याच ओढ्याचा आकडा २ वरून १२ वर जातो. वरून किती ओहोळांचं पाणी येतंय, हे त्यातून लगेच कळतं.

पूर्वी हे काम टोपोशीटवर पेन्सिलीने चाले. आता संगणक उंचीच्या आकड्यांवरून जाळं काढतो. जमिनीचे ३० मीटरचे चौकोन पाडायचे, प्रत्येकातलं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उताराकडे ढकलायचं आणि कुठल्या चौकोनात वरच्या किती चौकोनांचं पाणी जमतं ते मोजायचं. रस्त्याचा भराव संगणकाला धरणासारखा दिसतो, खालची मोरी दिसत नाही. म्हणून अशा जागा आधी दुरुस्त कराव्या लागतात.

खरा प्रश्न त्यानंतरचा: ओढा सुरू कुठे झाला म्हणायचं? हा उंबरठा माणूस ठरवतो. १,००० चौकोन धरले तर ९० हेक्टरचं पाणी जमल्यावर रेघ उमटते; १०० धरले तर ९ हेक्टरवरच. उंबरठा खाली आणला की माथ्यावर नवे ओहोळ उगवतात आणि काल पहिल्या श्रेणीत असलेला ओढा आज दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत जाऊन बसतो. शिवारात मात्र काहीच बदललेलं नसतं.

म्हणून दोन अहवालांतल्या श्रेणींची तुलना करण्याआधी नकाशाचं प्रमाण आणि धरलेला उंबरठा विचारावा. बांध कुठे घालायचा, खोलीकरण कुठे करायचं, हे श्रेणी पाहून ठरणार असेल, तर त्या आकड्यामागचा निर्णय ग्रामसभेलाही माहीत हवा.