संकेतस्थळावरील मजकूर : यंत्राला कोणती भाषा सांगावी?

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे गाव बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, कर्नाटक व आंध्र प्रदेशातूनही लोक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाल्यापासून गावाचे नाव आणखी दूरवर गेले आहे. परंतु यात्रा आटोपली की गिऱ्हाईक आपल्या गावी परतते. त्याला वर्षभर माल दाखवायचा असेल तर संकेतस्थळ हे आता लहान दुकानदाराच्याही आवाक्यातले साधन आहे.

अडचण येते ती मजकुराची. दुकानावर गिऱ्हाइकाशी तासभर बोलणारा व्यापारी कागदावर चार ओळी लिहिताना अडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर जेमिनीसारखी इतर साधनेही आली. त्यामुळे हे काम मिनिटाचे झाले. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांची तर मोठीच सोय झाली. सूचना उर्दूत द्या, मजकूर मराठीत मिळतो. तथापि, मजकूर कोणत्या शैलीत हवा हे न सांगितल्यास यंत्र आपल्या मनाने एक शैली निवडते, आणि ती बहुधा आपल्या दुकानाला शोभत नाही.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. हे यंत्र आधी वाचलेल्या अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधते. त्याच्या वाचनात इंग्रजी जास्त व मराठी थोडी असते. म्हणून नुसते 'बंजारा पोशाखावर लिहा' म्हटले की 'परंपरा आणि आधुनिकतेचा अद्वितीय संगम' अशी वाक्ये येतात. त्यात घेर किती, कापड कोणते, रंग पक्का की कच्चा, यातले काहीच नसते. शिवाय रिकामी जागा दिसली की यंत्र ती स्वतःच भरते. यंत्रावर शिवलेल्या मालाला 'हस्तकला' म्हणते, कालच्या दुकानाला 'पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा' देते. खाली नाव मात्र आपले असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जबाबदारी व्यापाऱ्यावर येते. 'यंत्राने लिहिले' हे उत्तर तेथे चालणार नाही.

तेव्हा प्रथम वाचणारा कोण ते ठरवावे. ठोक खरेदीदाराला कोरडी, मुद्द्याची भाषा हवी : कापडाचा प्रकार, पन्हा, नगांची संख्या, दर, माल पोहोचण्याचे दिवस. लग्नासाठी फेटिया, कांचळी व ओढणी शोधणाऱ्या कुटुंबाला दुकानातल्या बोलण्यासारखी, अदबीची भाषा बरी वाटते. येथे 'तुम्ही' की 'आपण' हे एकदाच ठरवावे, कारण यंत्र एका परिच्छेदात 'आपण' व दुसऱ्यात 'तू' लिहिते. दूरच्या शहरातील नवख्या गिऱ्हाइकाला समजावून सांगणारी शैली लागते : आरसे व कवड्या कशा बसवतात, धुताना काय जपावे. बंजारा गिऱ्हाइकाला हेच समजावून सांगणे हास्यास्पद होईल. पोशाख त्याच्याच घरचा आहे. गोरबोलीला स्वतंत्र लिपी नाही. ती प्रदेशानुसार देवनागरी, तेलुगू किंवा कन्नड लिपीत लिहिली जाते. म्हणून तेलंगणातील गिऱ्हाइकासाठी तेलुगू मजकूर करावयाचा असेल तर तो त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासूनच घ्यावा.

यंत्राला सूचना कशी द्यावी? 'आकर्षक लिहा' म्हणू नये. समजा, अशी सूचना दिली : 'वाचणारी गृहिणी आहे. तिला तुम्ही म्हणा. वाक्ये लहान ठेवा. अद्वितीय, अप्रतिम, अविस्मरणीय हे शब्द नकोत. कापड सुती, घेर आठ मीटर, आरसे हाताने टाकलेले, शिलाई यंत्राची. एवढीच माहिती वापरा, पदरचे काही घालू नका.' यातून येणारा मजकूर साधा असेल, पण खरा असेल. याहून चांगला उपाय म्हणजे दुकानात आपण गिऱ्हाइकाशी जसे बोलतो ते मोबाईलवर बोलून घ्यावे, त्याचे लेखन करावे आणि 'याच धाटणीने लिहा' असे यंत्राला सांगावे.

आलेला मजकूर दुकानातील नोकराला मोठ्याने वाचून दाखवावा. जेथे त्याची जीभ अडखळेल ते वाक्य बदलावे. प्रत्येक आकडा मालाशी ताडून पाहावा. ज्या कारागीर भगिनीने भरतकाम केले तिला विचारल्याशिवाय टाक्यांची नावे छापू नयेत. संत सेवालाल महाराजांचे नाव व समाधीचे चित्र विक्रीच्या ओळीत गुंफण्याचा मोह यंत्राला होतो. ते काढून टाकावे, कारण त्याने श्रद्धाळूंचे मन दुखावते. गुगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की मजकूर यंत्राने लिहिला एवढ्यावरून तो मागे टाकला जात नाही. तो वाचणाऱ्याच्या उपयोगी आहे की नाही हे पाहिले जाते.

एकदा शैली ठरली की ती सूचना वहीत उतरवून ठेवावी व प्रत्येक नव्या मालासाठी तीच वापरावी. दर मात्र प्रत्येक वेळी स्वतःच्या हाताने टाकावेत.