प्रदर्शनातला गाळा : मालाआधी पडदा तपासा

कला-हस्तकलेच्या प्रदर्शनात गाळा मिळाला की आमचे कारागीर बंधू भाड्याचा, गाडीखर्चाचा, मालाचा हिशेब बारकाईने करतात. आगीचा हिशेब मात्र कोणी करीत नाही.

एका प्रदर्शनात उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही हजर होतो. अग्निशमन अधिकारी तपासणीला आले. हिमरू शालींच्या एका गाळ्यात मागे चकचकीत नायलॉनचा पडदा होता. अधिकाऱ्यांनी त्याची चिंधी मैदानात नेऊन काडी लावली. ती वितळून जळते थेंब टपकू लागले. पडदा उतरवावा लागला, मांडणी मोडली आणि विक्रीचा पहिला दिवस वाया गेला. कारागिराचे म्हणणे एकच होते, “आयोजकांनी दाखला घेतला आहे ना?”

गैरसमज नेमका इथेच आहे. दाखला मंडपाचा असतो. गाळ्यात तुम्ही काय टांगले, कोणती वायर ओढली, हे तुमचे तुम्हालाच पाहावे लागते.

१० एप्रिल २००६ रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमधील ग्राहक प्रदर्शनाला आग लागून ६५ जण मृत्युमुखी पडले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली भरपाईची जबाबदारी आयोजकांवर ६० टक्के व राज्य सरकारवर ४० टक्के ठेवली. निकालाला सोळा वर्षे लागली. गेलेला जीव कोणत्याही भरपाईने परत येत नाही.

कापडाची तयारी घरीच

तात्पुरत्या मंडपांसाठी भारतीय मानक आय.एस. ८७५८ आहे. त्यात कृत्रिम धाग्याचे कापड व दोर वापरू नयेत असे सांगितले आहे. म्हणून पडद्याला व टेबलावर सुती कापडच घ्यावे. पण सुती कापडही भराभर पेटते. त्यासाठी घरी करता येईल असा उपाय आहे. वजनाने अमोनियम सल्फेट ४ भाग, अमोनियम कार्बोनेट २, टाकणखार १, बोरिक पावडर १, तुरटी २ आणि पाणी ३५ भाग. म्हणजे साडेतीन लिटर पाण्यात अनुक्रमे ४००, २००, १००, १०० व २०० ग्रॅम. कापड त्यात पूर्ण भिजवून, हलके पिळून सावलीत वाळवावे. काम उघड्यावर व हातमोजे घालून करावे, कारण वास उग्र असतो.

वाळल्यावर एक पट्टी कापून, चिमट्यात धरून घराबाहेर काडी लावून पाहावी. काडी दूर करताच ज्योत विझली तर कापड ठीक. धुतल्यावर किंवा पावसात भिजल्यावर हे क्षार निघून जातात, तेव्हा प्रक्रिया पुन्हा करावी लागते. विक्रीच्या मालाला, विशेषतः रेशमाला, हे पाणी लावू नये, डाग पडतील. थर्माकोलची सजावट तर नकोच. लाकडी पाठ हवी असेल तर आगरोधक प्लायवूड मिळते, त्यावर आय.एस. ५५०९ ची खूण पाहून घ्यावी.

दिवे आणि वायर

जर किंवा बिदरीचे काम उठून दिसावे म्हणून हॅलोजन लावण्याची सवय आहे. तो दिवा इतका तापतो की जवळचे कापड करपते. एलईडी लावा, तरीही दिवा व कापड यांत हातभर अंतर ठेवा. टेप गुंडाळलेले जोड आणि एका प्लगवर चार प्लग, हे नको. रात्री गाळा बंद करताना मेन स्विच स्वतः बंद करावा.

मांडणी

रिकामे खोके व गवताचे पॅकिंग पडद्यामागे कोंबण्याची रीत सर्वत्र आहे. आग तिथे लागली तर दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. खोके रोज बाहेर न्यावेत. वाटेत स्टूल किंवा पोती मांडू नयेत. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांनी स्पिरिटचे पॉलिश घरीच उरकून यावे. अत्तरवाल्या बंधूंनी ऊद-लोबानाचा निखारा मंडपात पेटवू नये. वास द्यायला अत्तराचा फाया पुरतो.

आग विझवण्याचे ए-बी-सी पावडरचे नळकांडे गाळ्याच्या तोंडाशी ठेवावे, मागे नव्हे. म्हणजे विझवताना सुटकेची वाट आपल्या पाठीशी राहते. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे रोज पाहावे. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि नळी डावी-उजवीकडे फिरवायची. हे गाळ्यावर बसणाऱ्या मुलालाही शिकवावे. आग आवरत नसेल तर माल सोडून आधी गिऱ्हाइकांना बाहेर काढावे.

दुकानाचा विमा बहुधा त्यात लिहिलेल्या पत्त्यापुरताच असतो. प्रदर्शनातला व वाटेतला माल त्यात येतो का, हे निघण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

हा सगळा खर्च एका शालीच्या किमतीहून फारसा जास्त नाही. पुढच्या प्रदर्शनाची तारीख कळताच मालाच्या आधी पडदा भिजत घाला, एवढेच आमचे सांगणे.